मॅडमच्या वर्गातला ओक्यामे

ओनिनासे गावात प्रमुखांशी कुणी थेट बोलत नाही, आणि प्रमुखही कुणाशी थेट बोलत नाहीत. मध्ये ओक्यामे लागतो. प्रमुख नाना आमोआको हळू आवाजात चार शब्द बोलणार आणि त्यांचा ओक्यामे क्वाकू दापा सोनेरी मुठीची काठी जमिनीवर टेकवून ते गावाला ऐकवणार. ऐकवणार म्हणजे तसेच्या तसे नव्हे हं! त्याला पोपटही चालला असता. नाना म्हणाले, "कोको नीट वाळवा," की दापा सांगायचा, "ज्यांच्या आजोबांनी जंगल हटवून तुम्हांला घराला जागा दिली, ते नाना विचारतात की ओला कोको विकून तुम्ही त्या आजोबांचं नाव व्यापाऱ्यांच्या पायदळी तुडवणार आहात का?" लोक खजील व्हायचे आणि घरी जाऊन मुकाट्याने चटया पसरायचे. बोलण्यात दापाचा हात धरणारा आसपासच्या सात गावांत कुणी नव्हता.

पण एक गोची होती. दापाला वाचता येत नव्हतं.

शाळेच्या वयात तो मामाच्या ट्रकवर क्लीनर होता. अक्रा ते कुमासी अशा खेपा मारता मारता फाडफाड इंग्रजी बोलायला शिकला, पण सगळं कानाने. पुढे ओक्यामे झाला, आणि नानांना आलेली पत्रं भर दरबारात वाचायची ती ओक्यामेनेच. वीस वर्षं त्याने ती वाचली. कशी? तर जुने हेडमास्तर अम्पोन्सा आदल्या संध्याकाळी शाळेच्या मागे बोलावून त्याला मजकूर सांगायचे, आणि दुसऱ्या दिवशी दापा कागद डोळ्यांसमोर धरून तीन ओळींचं पत्र अर्धा तास वाचायचा. लोक म्हणायचे, सरकार काय सुंदर पत्रं लिहितं हो!

गेल्या नाताळात अम्पोन्सा मास्तर निवृत्त होऊन केप कोस्टला मुलीकडे गेले, आणि जानेवारीत एक पत्र येऊन धडकलं. दापाने दरबारात ते उघडलं, देवाचं नाव घेतलं आणि मनानेच ठोकून दिलं. म्हणे, नानांच्या कारभारावर जिल्ह्याचे साहेब बेहद्द खूश आहेत. टाळ्या पडल्या. पत्रात खरं होतं ते एवढंच, की मंगळवारी शेळ्यांना लस टोचायला डॉक्टर येतील, शेळ्या गावातच ठेवा. मंगळवारी डॉक्टर आले तेव्हा गावात एक लंगडी शेळी आणि दोन म्हाताऱ्या, बाकी सगळं रानात. डॉक्टर शिव्या घालत परत गेले. 'आधी कळवायला काय होतं यांना?' म्हणून गावही चिडलं, आणि सगळ्यात मोठ्याने दापा चिडला. पण त्या दिवसापासून त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

कारण त्याचा भाचा क्वाद्वो न्सिया टपूनच बसला होता. आमच्याकडे मामाचं भाच्याकडे जातं, काठीसुद्धा. क्वाद्वो शहरात लाकडाच्या वखारीत कारकून. खिशाला दोन पेनं, एक लिहायला आणि एक दाखवायला. दर रविवारी येऊन तो कनवाळूपणे म्हणायचा, "मामा, डोळे थकले असतील आता. काठीही जड होत असेल."

"काठी जड झाली तर तुझ्या पाठीवर टेकवीन," दापा म्हणायचा. पण मनात त्याला पक्कं ठाऊक होतं. आपल्याला वाचता येत नाही हे ज्या दिवशी फुटेल, त्या दिवशी काठी गेली, आणि काठीबरोबर गावातलं तोंडही गेलं.

अशात मॅडम आली. कॅनडातली निवृत्त शिक्षिका, एकोणसाठ वर्षांची, ताडमाड उंच. आमच्या प्राथमिक शाळेत मुलांना वाचायला शिकवायला, तेही फुकट, दोन सत्रांसाठी. तिचं खरं नाव डोरीन, आडनाव कुणालाच उच्चारता येईना. आमच्याकडे जन्मवारावरून नाव पडतं; ती गुरुवारी जन्मली असं कळल्यावर गावाने तिला याआ करून टाकलं आणि प्रश्न मिटवला.

ती नानांना भेटायला आली तेव्हा दरबार भरला होता. "मला मुलांना वाचायला शिकवायचंय," ती म्हणाली. दापाने ते सात समुद्र, तिची आई आणि तिच्या गावचं बर्फ घालून नानांपर्यंत पोचवलं. नानांनी ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि दापाच्या कानाशी वाकून म्हणाले, "पाहुणीने मुलांशी थेट बोलणं बरं दिसत नाही. वर्गात तिच्याबरोबर तू उभा राहा. ती बोलेल ते तुझ्या तोंडून जाऊ दे."

वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने नानांचं बोलणं काहीही न जोडता, होतं तसं सांगून टाकलं.

तिसरीचा वर्ग म्हणजे सत्तावन्न मुलं आणि बावीस बाकं. पहिल्या दिवशी मॅडमने एक कार्ड वर धरलं आणि म्हणाली, "हे अक्षर सापासारखं दिसतं आणि सापासारखंच फुसफुसतं."

दापाने काठी टेकवली. "समुद्र ओलांडून आलेल्या याआ मॅडम सांगतात, की हे अक्षर म्हणजे साप आहे. आता साप म्हटलं की मला माझ्या आजोबांच्या कोठारातला तो नाग आठवतो…" मुलं बाकांवर चढून ऐकायला लागली. नाग कोठारात शिरला, आजी कोठारावर चढली, आजोबा ताडी पिऊन आले आणि घंटा झाली.

"ओक्यामे," मॅडम नाकाचा शेंडा लाल करून म्हणाली, "आज किती अक्षरं झाली?"

"एक," दापा अभिमानाने म्हणाला. "पण काय झालं!"

"या वेगाने शेवटच्या अक्षराला मी जिवंत नसेन."

"मॅडम, घाईने सांगितलेलं डोक्यात राहत नाही."

असे तीन आठवडे गेले. मॅडम बोलायची, दापा ते नटवून सांगायचा, मुलं खूश, आणि दापाही बिनधास्त. मॅडम आधी शब्द उच्चारायची, तेव्हा त्याला कार्डाकडे बघायची गरजच पडत नव्हती.

मग एका सकाळी मॅडमचा घसा बसला. तिने कार्ड वर धरलं आणि काही न बोलता दापाकडे बोट केलं. सांगा तुम्हीच. डोळ्यांच्या सत्तावन्न जोड्या दापाकडे वळल्या. दापाने काठी टेकवली, खाकरला आणि शब्द म्हणजे केवढी थोर वस्तू यावर दहा मिनिटं बोलला. भाषण फक्कड झालं. तो शब्द मात्र त्यात कुठेच नव्हता.

पहिल्या बाकावरची अद्वोआ पोकुआ म्हणजे एक नंबरची आगाऊ पोरगी. तिने बोट वर केलं. "ओक्यामे, पण तिथं लिहिलंय काय?"

"त्यासाठी…" दापाच्या कपाळावर घाम आला, "त्यासाठी म्हातारीला विचारून यावं लागेल."

मुलं खो खो हसत सुटली. दरबारात एखादा मोठा पेच पडला की पंच म्हणतात, म्हातारीला विचारून येतो. म्हातारी बितारी कुणी नसते. पंच भिंतीआड जातात, आपसांत कुजबुजतात आणि निकाल घेऊन परत येतात. एका कार्डापायी म्हातारीला कुणी त्रास दिलेला मुलांनी ऐकला नव्हता.

मॅडम मात्र हसली नाही. ती दापाकडे बघत राहिली. पस्तीस वर्षं मास्तरकी केलेली बाई ती, तिला काय कळायचं राहणार? घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बरोबर आहे. चला, विचारून येऊ."

दोघं शाळेच्या मागे स्वयंपाकाच्या शेडपाशी जाऊन उभी राहिली. दापा स्वतःच्या चपलांकडे बघत होता. आता ही विचारणार, मग नव्या हेडमास्तरांना सांगणार, मग क्वाद्वोच्या कानावर जाणार. लाजेने त्याचे कान तापले होते.

"शेळी," मॅडम म्हणाली. "त्या कार्डावर शेळी लिहिलंय."

पुन्हा शेळीच! दापाला रडावं का हसावं कळेना.

"तुमचा हा रिवाज मला फार आवडला," मॅडम पुढे म्हणाली, जसं काही घडलंच नव्हतं. "आपण असं करू. रोज वर्गाआधी अर्धा तास इथे येऊन म्हातारीला विचारत जाऊ. त्या दिवशी काय सांगायचं ते ओक्यामेला आधी ठाऊक नको का?"

"तसा रिवाजच आहे," दापा घाईघाईने म्हणाला. असा कुठलाही रिवाज नव्हता.

झालं, त्या दिवसापासून रोज सकाळी साडेसहाला दापा शेडमागे हजर. बासष्टाव्या वर्षी अक्षरांशी गाठ पडली की काय होतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. पहिला महिना त्याला सगळी अक्षरं एकाच आईची लेकरं वाटली. लांब शब्द दिसला की त्याची छाती धडधडायची. मॅडम म्हणायची, "अंगठ्याने अर्धा शब्द झाका. उरलेल्या अर्ध्याला काय घाबरायचं?" मग तो अंगठा ठेवायचा, अर्धा वाचायचा, अंगठा सरकवायचा आणि शब्द हाती लागला की लहान मुलासारखा मांडीवर थाप मारायचा.

पण त्याची खरी लढाई वेगळीच होती. पुस्तकात असायचं, 'शेळी पळाली.' दापा वाचायचा, "अरे, शेळी पळाली हो! त्या आळशी कोफीची ती पांढरी शेळी, सकाळपासून…"

मॅडम पेन्सिलीने पानावर टकटक करायची. "शेळी कुणाची ते पुस्तकात नाही."

"पण असायला हवं होतं!"

"असेल. पण नाही. जे आहे तेवढंच वाचायचं, ओक्यामे. तिखटमीठ नाही."

दापाला हे अक्षरांपेक्षाही जड गेलं. आयुष्यभर ज्याची वाहवा झाली तेच गिळायचं म्हणजे काय गंमत आहे? पण वर्गातही हळूहळू फरक पडला. दापा आता फळ्यावरचा एकेक शब्द बोटाने दाखवून वाचायचा आणि मुलं त्याच्यामागून एका सुरात म्हणायची. अद्वोआ कुरकुरायची, "ओक्यामे, नाग राहिलाय कोठारात." तो म्हणायचा, "राहू दे. वाच."

घरी त्याची बायको सेरवा केंकी विकायची. मक्याच्या पिठाचे गोळे पानात बांधता बांधता नवऱ्यावर तिची नजर असायची. एक दिवस दापा टोमॅटोचा डबा हातात घेऊन बसलेला तिने पाहिला.

"पस्तीस वर्षं झाली लग्नाला," ती म्हणाली, "माझ्याकडे कधी इतकं निरखून पाहिलं नाहीत."

"टो-मॅ-टो," दापा म्हणाला.

"वा वा! वर टोमॅटोचं चित्र आहे, ते माझ्या बकरीलाही कळतं."

दापाने डबा फिरवला. मागे बारीक अक्षरं होती. त्याने अंगठा ठेवला, सरकवला, पुन्हा ठेवला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "उ-न्हा-पासून लांब ठेवा. थंड जागी." मग मान वर करून त्याने चुलीशेजारच्या फळीकडे पाहिलं. तिथे डब्यांची रांग लावलेली होती.

सेरवाचे हात थांबले. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, पस्तीस वर्षं एका घरात काढल्यावर काय लपतं? पण ती एवढंच म्हणाली, "मग बसलाय काय? हलवा ते डबे." आणि पदराने डोळे पुसले. म्हणाली धूर लागला.

जुलैच्या शेवटी सत्र संपलं आणि शाळेच्या मैदानात दरबार भरला. नाना मोठ्या रंगीत छत्रीखाली बसले, ढोल वाजले, तिसरीची मुलं पुढे गवतावर बसली आणि त्यांच्याजवळ मॅडम. शहरातून शिक्षण खात्याचे साहेब आले होते. मॅडमला ज्या संस्थेने पाठवलं होतं तिचं पत्र त्यांनी सोबत आणलं होतं, अजून न फोडलेलं. सूत्रसंचालनाला उभा होता क्वाद्वो, दोन्ही पेनं लावून. त्याने लिफाफा घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मामा, हे पत्र आत्ताच आलंय. आदल्या दिवशी कुणाला दाखवायचा प्रश्नच नाही. आधी इंग्रजीत, आहे तसं वाचा आणि मग आपल्या भाषेत सांगा. साहेबांना इंग्रजी कळतं, आणि मलाही."

याला कुणकुण लागलीय, दापाला कळून चुकलं. मॅडम अर्धवट उठली आणि परत बसली. पत्रात काय आहे ते तिलाही ठाऊक नव्हतं. म्हातारीला विचारायची सोय आज नव्हती.

दापाने लिफाफा फोडला. त्याने पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.

"ओनिनासेचे… प्रमुख… आणि… गावकरी…"

आणि सत्तावन्न मुलं सवयीने एका सुरात ओरडली, "ओनिनासेचे प्रमुख आणि गावकरी!"

"गप्प बसा रे!" क्वाद्वो खेकसला. नानांनी एक बोट वर केलं. क्वाद्वोच गप्प बसला.

दापा वाचत राहिला. एक शब्द, मग एक शब्द, मागून मुलं. मग ते आपल्या भाषेत, तेवढंच. गावाने त्याला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. म्हाताऱ्या एकमेकींना म्हणाल्या, फारच गंभीर पत्र दिसतंय. मुलांच्या प्रगतीबद्दल संस्थेने अभिनंदन केलं होतं. तो 'अभिनंदन'चा इंग्रजी शब्द मालगाडीएवढा लांब. दापाने भर दरबारात त्याच्यावर अंगठा ठेवला. क्वाद्वोच्या ओठांवर हसू आलं. दापाने अंगठा सरकवला, पुन्हा सरकवला आणि शब्द आख्खा बाहेर काढला. हसू मावळलं. पुढे लिहिलं होतं, मॅडमना आणखी एक वर्ष राहता येईल आणि दोनशे चाळीस पुस्तकं पाठवायला तयार आहेत. लोकांनी रुमाल हलवले, ढोलवाल्याने दोन थापा मारल्या.

तेवढ्यात दापाला पुढचं वाक्य दिसलं. जन्मात पहिल्यांदा त्याचे डोळे तोंडाच्या पुढे गेले होते. आणि ते वाक्य वाचून त्याचं बोट तिथेच अडलं.

मार्चमध्ये नानांनी शाळेचं छप्पर दुरुस्त करून द्यायचा शब्द दिला होता. दापानेच तो थाटात पुकारला होता. अजून छपराला कुणी हात लावला नव्हता, आणि पत्रात ते काळ्यावर पांढरं नव्हे, पांढऱ्यावर काळं लिहिलेलं होतं. नानांचा उणेपणा, भर दरबारात, आणि तो ऐकवायचा कुणी? नानांच्याच तोंडाने! ओक्यामेचं काम तरी काय? कडू असेल ते गोड करून सांगायचं. एक शब्द इकडचा तिकडे केला की झालं. क्वाद्वो बोंबलेल, पण त्याला बोलण्यात गुंडाळणं दापाच्या डाव्या हातचा मळ होता.

त्याने मान वर केली. समोर सत्तावन्न तोंडं उघडी होती. तो म्हणेल ते म्हणायला तयार. त्याने खोटं वाचलं तर ती सगळी एका सुरात खोटं म्हणतील, आणि वाचलं असं समजतील. दापाला ते काही केल्या जमेना.

"पण," त्याने वाचलं.

"पण!" मुलं.

"कबूल करूनही… शाळेचं छप्पर… दुरुस्त झालेलं नाही."

"शाळेचं छप्पर दुरुस्त झालेलं नाही!" सत्तावन्न गळे, आणि किती आनंदाने! त्यांच्या डोक्यावर गळत होतं ना ते.

"ते होईपर्यंत… पुस्तकं… पाठवणार नाही. भिजतील."

"भिजतील!"

पंचांनी माना खाली घातल्या. नाना कितीतरी वेळ पायांतल्या सोनेरी वहाणांकडे बघत राहिले. मग त्यांनी दापाला जवळ बोलावून कानात काहीतरी सांगितलं. दापा सरळ झाला, त्याने काठी टेकवली.

"नाना म्हणतात, शुक्रवारी. सगळ्यांनी. शिड्या घेऊन यायचं."

एवढंच. साहेबांनी दापाच्या हातातून पत्र घेऊन पाहिलं आणि म्हणाले, "शब्दन् शब्द बरोबर." मग जो गलका झाला! सेरवा गर्दीतून धावत आली आणि जिंकलेल्याच्या अंगावर टाकतात तशी तिने पावडरची आख्खी डबी दापाच्या डोक्यावर रिकामी केली. मॅडम तर उभी राहून शिट्टी वाजवत होती, चक्क दोन बोटं तोंडात घालून. क्वाद्वो साहेबांच्या गाडीतूनच शहरात परत गेला.

दिवस कलल्यावर दापा नानांच्या ओसरीवर गेला. केसांत अजून पावडर होती. त्याने काठी नानांच्या पायांशी आडवी ठेवली. "नाना, आज तुम्हांला चारचौघांत खाली बघायला लावलं. आणि दुसरंही एक आहे. वीस वर्षं मी जी पत्रं वाचली…"

"ती तू वाचलीच नाहीस," नाना म्हणाले.

दापाला खाली बसावंच लागलं.

"पहिलं पत्र दोन ओळींचं होतं," नाना म्हणाले. "तू ते ताडीचा माठ संपेपर्यंत वाचलंस. नंतर खोलीत जाऊन मी ते पाहिलं."

"तुम्हांला वाचता येतं?"

"कोको खरेदीच्या केंद्रावर अकरा वर्षं होतो. तिथे काय नुसती पोती उचलत होतो? शेळ्यांचं पत्र मी पाहिलं तोवर डॉक्टर परत गेले होते. मॅडमकडे तुला उगाच पाठवलं असं वाटलं का?" नानांनी काठी दापाकडे सरकवली. "आज माझी चूक पहिल्यांदा माझ्या कानावर आली, दापा. बरं वाटलं नाही. पण बरं झालं. यापुढेही असंच वाच."

ज्या भीतीने त्याने रात्री तळमळत काढल्या, ती कधीचीच कुणीतरी गुपचूप उचलून ठेवून दिली होती. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? एका शब्दाने तरी?"

"कसा बोलणार?" नाना म्हणाले. "दरबारात बोलायचं तर तुझ्याच तोंडून बोलावं लागलं असतं. 'दापाला वाचता येत नाही' हे दापानेच पुकारायचं. आणि तुला मी ओळखत नाही का? तू त्याचंही असं काही भाषण केलं असतंस, की लोकांनी टाळ्या वाजवून तुला आणखी एक काठी दिली असती."